सुटलेली जोडाक्षरं

बादशहा नदाफ कोल्हापुरातल्या आमच्याच गल्लीतला. वडील लालासाब गाद्या-उशा भरायचे. रस्त्यालगतची एक लांबट खोली हेच त्यांचं दुकान. सकाळी पिंजणाच्या तातेचा, म्हणजे कापूस पिंजायच्या ताणलेल्या दोरीचा, आवाज सुरू झाला की दुपारपर्यंत लालासाबांच्या भुवया आणि मिशा कापसानं भरून जायच्या. आपल्या एकुलत्या मुलानं पिंजण हातात धरायचं नाही, हे त्यांनीच ठरवून टाकलं होतं. बादशहा बी.एस्सी. झाला, काही वर्षं एका दुकानात रेडिओ दुरुस्त करत बसला, मग मुंबईला जाऊन प्रोग्रॅमिंगचा कोर्स करून आला. त्र्याऐंशीच्या सुमारास इचलकरंजीजवळच्या एका सहकारी सूतगिरणीत कॉम्प्युटर आला आणि तो चालवायला त्याला घेतलं. रोज सकाळी एस.टी.नं जायचा, संध्याकाळी परत. गल्लीत त्याला लोक साहेब म्हणायला लागले तेव्हा लालासाब दुकानात बसून नुसते हसायचे.

गिरणीत पगाराच्या चिठ्ठ्या इंग्रजीत छापून निघायच्या. बहुतेक कामगारांना त्यात आपलं नाव कुठलं तेसुद्धा कळायचं नाही. सूत गुंडाळायच्या खात्यातल्या बाळाबाईनं एकदा चिठ्ठी त्याच्यापुढं धरून विचारलं, ह्यात मी कुठं हाय. त्यानं बोट ठेवून दाखवलं. ती त्या अक्षरांकडं थोडा वेळ बघत राहिली, मग चिठ्ठीची घडी करून कमरेला खोचून निघून गेली. बादशहाला ते लागलं. यंत्राला मराठी शिकवायचं त्यानं तेव्हापासून मनावर घेतलं.

त्यानं काय केलं ते मला त्यानं अनेकदा समजावून सांगितलंय, म्हणून सांगू शकतो. यंत्राला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. इंग्रजीत कुठल्या अक्षराला कुठला आकडा, हे बाहेरच्या देशात केव्हाच ठरलं होतं आणि सगळी यंत्रं ते पाळत होती. मराठीतल्या ‘क’ला कुठला आकडा द्यायचा, हे गिरणीत तरी कुणाला ठाऊक नव्हतं. तेव्हा बादशहानं आपले आपणच आकडे ठरवले. अडचण आली ती जोडाक्षरांची. अर्ध्या अक्षरांना वेगळे आकडे द्यावेत तर यंत्रातली जागा पुरत नव्हती. मग त्याला एक युक्ती सुचली. यंत्र प्रत्येक आकडा आठ खणांत ठेवायचं. इंग्रजीला त्यातले सातच खण पुरायचे. बादशहानं अक्षर सात खणांत बसवलं आणि अक्षराचा पाय मोडायचा असेल तर आठव्या खणात खूण करायची असं ठरवलं. ‘ल’चा आकडा तोच. आठव्या खणात खूण दिसली की तो अर्धा ‘ल’. दोन अक्षरांत फरक एवढाच.

मुंबईहून कोऱ्या चिप मागवून त्यात त्यानं सगळ्या अक्षरांचे आकार भरले. महिनोन्महिने त्यातच गेले. शेवटी एके दिवशी हिरव्या पडद्यावर ‘कोल्हापूर’ उमटलं तेव्हा गिरणीचे मॅनेजर आपली खोली सोडून बघायला आले. बादशहानं बाळाबाईला बोलावून घेतलं आणि तिचं नाव मराठीत छापून दिलं. तिनं तो कागद घरी नेऊन भिंतीला चिकटवला म्हणतात.

यंत्र दुरुस्तीला पुण्याहून एक इंजिनिअर यायचा. त्यानं हे सगळं बघितलं, शाबासकी दिली, पण आठव्या खणाचं ऐकून मान हलवली. तो म्हणाला की तो खण रिकामा दिसतो, पण आपला नाही. एका यंत्राकडून दुसऱ्याकडं मजकूर पाठवताना तो खण पहाऱ्याला, म्हणजे मजकूर वाटेत बिघडला का ते तपासायला, वापरतात, कधी सरळ गाळूनही टाकतात. पाय मोडायला एक वेगळा आकडा दे, थोडी जागा जास्त जाईल पण मजकूर सुरक्षित राहील. बादशहानं ऐकून घेतलं. पण स्वतःच्या युक्तीवर त्याचं प्रेम बसलं होतं. त्यानं उत्तर दिलं की आमचं यंत्र एकच आहे, पाठवायचं कुठं आहे?

याच सुमारास लालासाबांच्या दुकानात गणपतराव गुरुजी आले. गगनबावड्याचे. आयुष्यभर त्या भागातल्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत शिकवून निवृत्त झालेले, गळ्यात माळ, छातीला दमा. आले होते गादी पिंजून घ्यायला आणि बसले लालासाबांना शब्द विचारत. ह्याला काय म्हणता, त्याला काय म्हणता, तात सैल झाली तर कसं सांगता. खिशातून कागदाच्या चिठ्ठ्या काढून त्यांवर बारीक अक्षरात लिहून घेत होते. लालासाबांना आयुष्यात कुणी असं काही विचारलं नव्हतं. त्यांनी गुरुजींना चहा पाजला आणि गादी दुसऱ्या दिवशी देतो म्हणून मुद्दाम ठेवून घेतली.

गुरुजी शब्द गोळा करत होते. घाटमाथ्यावरचे, धनगरवाड्यांवरचे, कोकणातून वर चढून येणाऱ्या लोकांचे. धुक्याच्या तऱ्हांना काय म्हणतात, जळू चावली तर, बैल अडून बसला तर, पोळं हाताला लागलं तर. असे हजारो शब्द, प्रत्येकाची एक चिठ्ठी, त्यावर अर्थ आणि तो शब्द कुणाच्या तोंडून ऐकला त्याचं नाव. चिठ्ठ्या पत्र्याच्या ट्रंकेत. पण गगनबावड्याचा पाऊस ट्रंकेलाही सोडत नाही. दर पावसाळ्यानंतर काही चिठ्ठ्या एकमेकींना चिकटून लगदा झालेल्या असायच्या आणि गुरुजी ते शब्द आठवून पुन्हा लिहायचे.

बादशहानं हे ऐकलं आणि गुरुजींना गिरणीत घेऊन गेला. पडद्यावर त्यांचं नाव लिहून दाखवलं. गुरुजी पुढं झुकून बघत राहिले. ओढ्याला म्हणतात तो ‘व्हाळ’ लिहून दाखव म्हणाले. बादशहानं लिहिलं. ‘ल्हवट’ लिही म्हणाले. तेही उमटलं.

“म्हणजे काय गुरुजी, ल्हवट?” बादशहानं विचारलं.

“दरीतून वर येऊन घरात शिरतं ते धुकं. सगळी अंथरुणं दमट करून जातं.”

तिथून पुढं दोन वर्षं गुरुजींचा शिरस्ता पडला. शनिवारी गगनबावड्याहून एस.टी. धरायची, नदाफांच्या घरी मुक्काम करायचा आणि रविवारी बादशहाबरोबर गिरणीत जायचं. मॅनेजरांनी सुट्टीच्या दिवशी यंत्र वापरायला परवानगी दिली होती. गुरुजी चिठ्ठी वाचायचे, बादशहा टाइप करायचा. गुरुजी माळकरी म्हणून बादशहाची आई सुलतानबी त्यांच्यासाठी वेगळ्या भांड्यात भाजी शिजवायची. गुरुजी सांगायचे, एवढं कशाला, पण ती ऐकायची नाही. जेवताना ते तिलाही शब्द विचारायचे आणि ती पदर तोंडाला लावून हसायची. बादशहाचं नुकतंच लग्न झालं होतं. त्याची बायको रशिदा मिरजेची. गुरुजी तिच्याकडून तिकडचे शब्द काढून घ्यायचे आणि हे आपल्या कोशात बसत नाहीत म्हणत वेगळ्या कप्प्यात ठेवायचे.

टाइप करताना गुरुजी फार काटेकोर असायचे. एका शब्दावर तर एकदा सगळी सकाळ गेली होती. बादशहानं ‘महळक’ लिहिलं होतं, म्हणजे पहिल्या पावसात ओढ्याला येणारा गढूळ लोंढा. गुरुजी नाही म्हणाले, म ला ह चिकटलेला आहे. ज्या म्हातारीनं सांगितला तिच्या तोंडून तो दोनदा ऐकलाय, तिसऱ्यांदा ऐकायला पुन्हा वाडीवर गेलो होतो. तसाच लिहायला पाहिजे, नाहीतर शब्द तिचा राहणार नाही. बादशहानं पाय मोडला. तेव्हा कुठं गुरुजी पुढच्या चिठ्ठीकडं वळले.

शेवटची चिठ्ठी टाइप झाली तेव्हा गुरुजींनी विचारलं की आता ह्या ट्रंकेचं काय करू.

“ठेवलीत काय आणि टाकलीत काय, आता फरक पडत नाही,” बादशहा म्हणाला. “कागद कुजतो गुरुजी. हे कुजत नाही.”

गुरुजींनी ते घरी जाऊन बायकोला सांगितलं. धोंडुबाईंनाही त्या ट्रंकेचा कंटाळा आला होता. पुढच्या हिवाळ्यात पाणी तापवायच्या बंबात थोड्या थोड्या करून सगळ्या चिठ्ठ्या गेल्या.

सत्त्याऐंशी साली गिरणीनं नवं यंत्र घेतलं, दुसऱ्या कंपनीचं. जुन्याच्या मोठ्या फ्लॉप्या नव्यात बसत नव्हत्या. म्हणून दोन यंत्रं शेजारी ठेवून मधे वायर जोडायची आणि मजकूर या यंत्रातून त्या यंत्रात सोडायचा असं ठरलं. बादशहानं आधी गिरणीची पगाराची माहिती पाठवली. मराठी चिठ्ठ्यांचं काही अजून ठरलं नव्हतं, त्यामुळं ती इंग्रजीतच होती. सगळी बरोबर पोचली, आकडेमोड जुळली. मग त्याच वायरीवरून, काहीही न बदलता, गुरुजींचा कोश पाठवला. इकडून जेवढी अक्षरं निघाली तेवढीच तिकडं पोचली. नव्या यंत्रात मराठी आकारांची चिप अजून बसवलेली नव्हती, त्यामुळं पडद्यावर नुसतीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसत होती. ते साहजिकच होतं. मोजदाद जुळली म्हणून त्याला समाधान वाटलं.

जुनं यंत्र एका माणसानं घेतलं. फ्लॉप्यांवर कामगारांचे पगार होते, तेव्हा त्या पुसून द्यायच्या असा मॅनेजरांचा हुकूम होता. बादशहानं त्या आपल्या हातानं पुसल्या. गुरुजींची एक वेगळी होती. तिच्यावरचा मजकूर पोचलाय, मोजून झालाय, म्हणून तीही पुसली.

नव्या यंत्रासाठी चिप तयार करायला दिवाळी उजाडली. बसवून त्यानं पहिल्यांदा गुरुजींचाच कोश उघडला. सुरुवातीला गुरुजींनी सांगितलेली छोटी प्रस्तावना होती. पडद्यावर पहिली ओळ आली: ‘कोलहापूर जिलहयातील’.

त्याला वाटलं चिप चुकली. त्यानं तिथल्या तिथं नवं ‘कोल्हापूर’ टाइप करून बघितलं. ते बरोबर उमटलं. मग त्याच्या लक्षात आलं. वायरीवरच्या प्रोग्रॅमनं अक्षरामागं सात खण नेले होते आणि आठवा गाळून टाकला होता. इंग्रजी पगारांना त्यानं काही फरक पडला नव्हता. गुरुजींच्या कोशातल्या एकूण एक मोडलेल्या पायाची खूण मात्र गेली होती. पानामागून पान तो बघत राहिला. ‘महणजे’, ‘डोकयावर’, ‘वाऱयाचा’. सगळी जोडाक्षरं सुटून एकेक अक्षर वेगळं उभं होतं.

अर्थ वाचता येत होते. ‘महणजे’ कुणालाही ‘म्हणजे’ असं लावता येतं. पण ज्या शब्दांसाठी कोश केला ते शब्द? त्यानं धुक्यांचं पान काढलं. ‘लहवट’ असं दिसत होतं. हा त्याच्या लक्षात होता, ल अर्धा. त्याच्या खालचे दोन त्याच्या लक्षात नव्हते. त्यातलं कुठलं अक्षर अर्धं आणि कुठलं पूर्ण, की काहीच अर्धं नव्हतं, हे सांगणारं आता यंत्रात काही नव्हतं. दोन वर्षं त्यानं आपल्या बोटांनी हे शब्द उमटवले होते, पण त्याचं लक्ष गुरुजींच्या आवाजाकडं आणि टाइप चुकू नये याकडं असायचं. शब्द त्याच्यात राहिले नव्हते.

कोश कागदावर छापून कधी काढलाच नव्हता. जुन्या यंत्राच्या मालकाकडं तो धावला. फ्लॉप्या पुसलेल्या होत्या आणि वर त्या माणसानं आपला हिशेब भरला होता.

खरं तर त्याच आठवड्यात गगनबावड्याची एस.टी. धरायला हवी होती. गुरुजी होते. त्यांना प्रत्येक शब्द त्याच्या माणसासकट पाठ होता. समोर बसून कोश वाचून दाखवला असता तर त्यांनी एकेक पाय पुन्हा मोडून दिला असता. पण बादशहाला गुरुजींपुढं उभं राहवेना. हे कुजत नाही असं आपण सांगितलं होतं, हे त्याच्या डोक्यातून जाईना. त्यानं मनाशी ठरवलं की आधी जमेल तेवढं आपण दुरुस्त करावं, मग जावं. ओळखीच्या शब्दांची जोडाक्षरं परत लावणारा एक प्रोग्रॅम त्यानं लिहिला. ‘कोलहापूर’ दिसलं की ‘कोल्हापूर’ कर, असा. अर्थ लिहिलेला भाग बऱ्यापैकी जागेवर आला. त्याला धीर आला. मूळ शब्द तसेच राहिले.

रशिदाच्या लक्षात आलं होतं की याचं काहीतरी बिनसलंय. तिनं विचारल्यावर त्यानं सगळं सांगितलं.

“जाऊन सांगा की,” ती म्हणाली. “ते काय मारणार आहेत तुम्हाला?”

“थोडं राहिलंय. तेवढं झालं की जातो.”

“राहिलंय ते तुम्हाला येतच नाही, त्यांनाच येतंय.”

तो चिडला. त्या दिवशी तो तिच्याशी धड बोलला नाही. तिनं म्हटलं ते खरं होतं म्हणूनच चिडलो, असं त्यानं मला पुढं सांगितलं.

उन्हाळ्यात गुरुजी स्वतःच आले. दमा वाढला होता, डॉक्टरांना दाखवायला कोल्हापूरला आले आणि नेहमीसारखे नदाफांकडं उतरले. नवं यंत्र कसं आहे ते बघायचं म्हणाले. बादशहाला नाही म्हणता येईना. आदल्या दिवशी जाऊन त्यानं कोशाचं एक पान निवडलं, ज्यातले सगळे शब्द त्याला खात्रीनं ठाऊक होते, आणि ते हातानं नीट करून ठेवलं. ‘व्हाळ’ त्यात होता. ‘म्हळक’ होता, त्या सकाळच्या हट्टामुळं लक्षात राहिलेला.

गुरुजी खुर्चीत बसले. चष्मा पुसून पान वाचू लागले. बोटानं एकेक ओळ धरत गेले. ‘म्हळक’पाशी थांबले आणि मान डोलावली.

“चिकटलाय,” ते म्हणाले. “बरं झालं.” मग म्हणाले, “सगळा असाच आहे न्हवं?”

बादशहा हो म्हणाला.

हा एक शब्द त्याला पुढं आयुष्यभर टोचत राहिला. तेव्हा नाही म्हटलं असतं तर गुरुजी आणखी आठवडाभर मुक्काम करून बसले असते, धाप लागत असतानाही बसले असते. त्याऐवजी ते समाधानानं उठले, सुलतानबीच्या हातचं जेवले, लालासाबांजवळ दुकानात तासभर बसले आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले. बादशहा त्यांना स्टँडवर सोडायला गेला होता. गाडी हलेपर्यंत तो सांगायचं धाडस गोळा करत होता. गुरुजी खिडकीतून म्हणाले की पावसाळा संपला की छापायचं बघू. गाडी गेली.

त्या पावसाळ्यात घाटात दरड कोसळून काही दिवस रस्ता बंद होता. गुरुजींचा दमा उफाळला तो नेमका त्याच दिवसांत. कोल्हापूरला आणता आलं नाही. बातमी बादशहाला रस्ता खुला झाल्यावर, उशिरानं कळली.

तो गेला तेव्हा दिवसकार्य होऊन गेलं होतं. पाहुणे परतले होते. घरात धोंडुबाई एकट्याच होत्या. त्यांनी त्याला घोंगडं अंथरून बसायला दिलं, पाणी दिलं. गुरुजी शेवटी कोशाचंच बोलत होते म्हणाल्या. तुमच्याकडं यंत्रात सगळं हाय, आता काळजी न्हाय, असं म्हणायचे. बादशहानं मान खाली घातली आणि झालेलं सगळं सांगितलं. वायर, आठवा खण, पुसलेली फ्लॉपी. त्यांना यंत्रातलं काही कळणार नाही हे त्याला ठाऊक होतं, तरी एकही गोष्ट त्यानं वगळली नाही. उन्हाळ्यात दाखवलेल्या पानाचंही सांगितलं.

धोंडुबाई ऐकत होत्या. मधे एकदा उठून चुलीतलं लाकूड मागं ओढून आल्या.

“म्हंजे तवा हे जित्ते हुते,” त्या म्हणाल्या.

“होय.”

“सांगितलं असतंस तर त्यांनी बसून सांगितलं असतं की. बोलता येत हुतं त्यास्नी. शेवटपतूर बोलता येत हुतं.”

त्या रागावल्या नाहीत. बादशहा म्हणायचा, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाहेर पडताना त्यानं विचारलं की मी पुन्हा आलो तर चालेल का, तुम्हाला आठवतील तेवढे शब्द लावून घेऊ. त्या म्हणाल्या, ये की. घर तुझंच हाय.

मग तो जात राहिला. सुट्टी मिळेल तेव्हा छापलेला गठ्ठा घेऊन जायचा आणि एकेक अर्थ वाचून दाखवायचा. शब्द वाचायचा नाही, नुसता अर्थ सांगायचा आणि त्यांनी शब्द म्हणायचा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. कानावरचा शब्द त्या जशाच्या तशा म्हणायच्या आणि बादशहा त्या आवाजावरून पाय मोडत जायचा. बैलांचे, चुलीचे, शेणाचे, पावसाचे बहुतेक शब्द त्यांच्याकडून परत मिळाले. कधी कधी एखादा शब्द म्हणून झाला की त्या तो गुरुजींनी कुणाकडून ऐकला होता ती हकीकत सांगत बसायच्या. एकदा त्या अशा बोलत असताना बंबाकडं नजर गेली आणि त्यांनी विचारलं, “त्या चिठ्ठ्या मी जाळायला नको हुत्या काय रं?” बादशहा म्हणाला की तुम्ही जाळल्या नाहीत, मी जाळायला लावल्या.

पण धनगरवाड्यांवरचे शब्द त्यांना येत नव्हते. ते गुरुजींनी एकट्यानं फिरून आणले होते. कोशात प्रत्येक शब्दापुढं सांगणाऱ्याचं नाव होतं, म्हणून बादशहा त्या वाड्यांवर पायी गेला. बरेच लोक वारले होते. काही कुटुंबं इचलकरंजीला मागावर कामाला गेली होती, त्यांचा पत्ता काढून तो खोल्यांवर जाऊन आला. मुलांना शब्द आठवत नव्हते. एका वाडीवर दोन म्हाताऱ्यांनी एकाच शब्दाचे दोन उच्चार सांगितले आणि आपलाच खरा म्हणून दोघी भांडल्या. गुरुजींनी कुठला लिहिला होता ते कोण सांगणार?

याच काळात सरकारनं भारतीय लिप्यांसाठी ठरवलेले आकडे त्याच्या वाचनात आले. त्यात पाय मोडायला स्वतंत्र आकडा दिला होता. पुण्याच्या इंजिनिअरनं सांगितलं होतं तसाच. बादशहानं आपली चिप यंत्रातून काढून ठेवली आणि सगळा कोश नव्या आकड्यांत आणला. मॅनेजरांनी विचारलं, तुझं इतकं चांगलं चाललं होतं, ते का सोडलंस. तो म्हणाला, ते माझं एकट्याचंच होतं.

एकोणनव्वदच्या शेवटी कोश छापायचा ठरला. न लागलेले शब्द बरेच उरले होते. बादशहाचा विचार होता की अंदाजानं जोडाक्षरं लावून टाकावीत. वाचणाऱ्याला शब्द तर मिळेल. तो धोंडुबाईंना विचारायला गेला.

“ठाऊक न्हाय तर ठाऊक न्हाय म्हणून लिव,” त्या म्हणाल्या. “ह्यांनी एकेका अक्षरापायी डोंगर चढले. त्यात तुझं-माझं घालू नगंस.”

म्हणून ते शब्द सुटी अक्षरं ठेवून छापले, पुढं एक फुली मारून. प्रस्तावनेच्या शेवटी बादशहानं फुलीचा अर्थ दिला: हे शब्द गणपतराव गुरुजींनी अचूक नोंदवले होते, माझ्या चुकीमुळं त्यांचा उच्चार हरवला. छापखान्याचा मालक म्हणाला की स्वतःबद्दल एवढं कशाला लिहिता. बादशहानं ते वाक्य काढू दिलं नाही.

पुस्तक फारसं कुणी घेतलं नाही. काही शाळांना त्यानं वाटलं. लालासाबांनी एक प्रत दुकानात गल्ल्यावर ठेवली होती. गिऱ्हाईक आलं की पिंजणाचे शब्द असलेलं पान उघडून दाखवायचे आणि हे मी सांगितलेत म्हणायचे. त्या पानावर फुली नव्हती. त्यांचे शब्द त्यांना विचारून लावता आले होते.

पहिली प्रत घेऊन बादशहा आणि रशिदा दोघं गगनबावड्याला गेले. धोंडुबाईंनी पुस्तकाला हळदकुंकू लावलं, गुरुजींच्या फोटोपुढं ठेवलं आणि मग परत हातात घेऊन बादशहाकडं दिलं. वाच म्हणाल्या. सगळं न्हाय, कुठलंबी एक पान.

बादशहानं मधलंच एक पान उघडलं आणि वाचू लागला. शब्द, अर्थ, सांगणाऱ्याचं नाव. ओळखीचं नाव आलं की धोंडुबाई व्हय म्हणायच्या. पान अर्धं झाल्यावर एक फुलीचा शब्द आला. चार सुटी अक्षरं. बादशहा थांबला. धोंडुबाई वाट बघत होत्या. ती अक्षरं कशी म्हणायची हे त्याला येत नव्हतं, आणि गाळून पुढं जायचंही त्याच्यानं होईना. शेवटी त्यानं नुसता अर्थ वाचला: हिवाळ्यात सकाळी गवतावर पडलेलं दंव पायाला लागून येणारा गारठा. मग सांगणाऱ्या बाईचं नाव वाचलं.

“ती तर कवाच गेली,” धोंडुबाई म्हणाल्या.

रशिदानं त्याच्या हातातून पुस्तक घेतलं आणि पुढची ओळ वाचली.